डबा उघडायच्या आधी

खरं सांगा, तुमच्या लेकरानं काढलेलं चित्र तुम्ही शेवटचं कधी दुरुस्त केलंत?

दुरुस्त नाही, थोडी मदत केली, असं तुम्ही म्हणाल. सगळेच म्हणतात. गाय निळी झाली की हळूच पांढरा खडू पुढं सरकवायचा. माणसाचे हात थेट कानाजवळून निघाले की लेकराच्या मुठीवर आपली मूठ ठेवून खांदे काढून द्यायचे. मग ते चित्र फ्रिजवर लावायचं आणि आल्यागेल्याला सांगायचं, बघा, एकट्यानं काढलंय.

या मदतीचा मला फार राग होता. राग आला की कुणी भांडतं, कुणी जेवत नाही. मी पत्रक काढते. ही घरची खोड आहे.

माझे बाबा अमरावतीतल्या एका छोट्या छापखान्यात कामाला होते. दिवसा लग्नपत्रिका छापायचे आणि संध्याकाळी मोर्चेवाल्यांना पत्रकं लिहून द्यायचे. पाण्यासाठी, रस्त्यासाठी, हमालांच्या हक्कासाठी. मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'चलो', 'धिक्कार' आणि 'प्रचंड संख्येने' या शब्दांवरून. बालवाडीत बाईंनी 'च'चा शब्द विचारला तेव्हा सगळी मुलं 'चमचा' म्हणाली, मी 'चलो' म्हणाले. बाबांचा पत्रकाबद्दल एकच नियम होता. "वाचणारा सायकलवर असतो. त्याला काय, कधी, कुठं, एवढं सांग. बाकीची आपली खाज." मी नियम पाठ केला आणि मोठी झाल्यावर फक्त खाज लिहू लागले.

सगळी पत्रकं कधीच वाटून होत नाहीत. पाऊस येतो, मोर्चा पुढं ढकलला जातो, मागण्या मान्य होतात (हे क्वचित). उरलेले गठ्ठे बाबांनी दिवाणाखाली ठेवलेले. एका बाजूनं छापलेले, दुसऱ्या बाजूनं कोरे. मी मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी चित्रांची खोली सुरू करायचं ठरवलं तेव्हा पहिला प्रश्न कागदाचा होता. बाबांनी दिवाण उचलला आणि म्हणाले, "घे. पाठकोरे आहेत. लोकांनी वाचले नाहीत, निदान पोरांचे हात तरी लागतील."

म्हणून आमच्या खोलीतल्या प्रत्येक चित्राला एक पाठ आहे. पुढं हत्ती, मागं 'नळाला पाणी द्या'. पुढं आजोबांची दाढी, मागं 'बेमुदत धरणे'. एकदा एका मुलानं हत्ती उलटा करून पाठ मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "ताई, मंग देल्लं का पानी?" हत्तीला, असं त्याला म्हणायचं होतं. मी त्याला खरा इतिहास सांगितला. तो ऐकून त्यानं हत्तीशेजारी एक टँकर काढला.

आता खोलीबद्दल. ती आमची नव्हती आणि हे पुढं महत्त्वाचं आहे.

फुलांच्या बाजारामागच्या गल्लीत एका काकूंचं फुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे ओट्यावर मांडलेल्या टोपल्या आणि मागं एक मोठी खोली. पहाटे शेतावरून आलेली फुलं त्या खोलीत ओल्या पोत्यांवर पसरतात. रविवारी दुपारपर्यंत माल उठतो आणि खोली रिकामी होते. मी त्यांच्या ओट्यावर बसून शहराला शिव्या देत होते. या अमरावतीत चौकाचौकात कोचिंग क्लासचे फलक, प्रत्येक फलकावर गुणवंतांचे चेहरे, आणि मुलांना मांडी घालून बसायला एक खोली मिळत नाही, वगैरे. काकू शेवंतीचा हार ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रविवारची मायी खोली रिकामीच असते. तुये पोट्टे फुलं खात नसतीन त घे."

तशी आमची फुलखोली सुरू झाली. संत्र्यांच्या लाकडी पेट्या उलट्या करून आम्ही त्यांची बैठी टेबलं केली. रंग विकतचे होतेच, पण काळी माती, हळद, चुना, कोळसा आणि सडलेला झेंडू यांचे रंग मुलांना जास्त आवडत. झेंडूची पाकळी कागदावर चोळली की जो पिवळा उमटतो तसा डबीतला पिवळा नसतो, हे मी कुणाशीही वाद घालून सिद्ध करायला तयार आहे. फरशी कायम ओली. मुलं घरी जाताना त्यांच्या चड्ड्यांवर पोत्याची जाळी उमटलेली असे.

आणि अर्थातच दारावर माझं पत्रक होतं. इथे स्पर्धा होणार नाही. इथे खोडरबर मिळणार नाही. इथे कुणी कुणाला 'वा, छान' म्हणणार नाही, कारण 'छान' म्हटलं की बोलणं संपतं. आणि शेवटी, सगळ्यात मोठ्या अक्षरात: मोठ्या माणसांनी लेकराच्या कागदाला हात लावू नये.

हा शेवटचा नियम मी फार कडकपणे पाळला. एक आई मुलाच्या मागं वाकून "आभाळ वर करून घे ना रे" म्हणाली, तर मी तिला दाराबाहेर नेऊन नियम वाचून दाखवला. अख्खा. तिनं ऐकून घेतला आणि परत आत आली नाही. हळूहळू सगळेच बाहेर बसू लागले. आया ओट्यावर काकूंजवळ, बाप आपापल्या गाड्यांवर. वरूडकडून एक संत्रावाले शेतकरी आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन येत. इतक्या लांबून येऊन हे गृहस्थ दोन तास गाडीवरच बसून राहत, हेल्मेटसुद्धा न काढता. मी एकदा म्हटलं, "काढा ना हेल्मेट." ते म्हणाले, "राहू द्या ताई. आमाले काय आत याचं हाय?"

मी हसले आणि आत गेले. फलकावर 'मुलांसाठी आणि कुटुंबांसाठी' असं लिहिलेलं होतं. कुटुंबं उन्हात होती, आणि माझ्या ते लक्षात यायला दोन वर्षं लागली.

लक्षात यायचं कारण काकूंचे धाकटे दीर. घराच्या वाटणीत दुकान काकूंकडे आलं, पण मागची खोली दोघांची राहिली. दीर अकोल्याला असतात, तिथं त्यांचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे. पावसाळा संपता संपता त्यांचा फोन आला. एक क्लासवाला दिवाळीपासून खोली घ्यायला तयार होता. फरशी बसवणार, बाक टाकणार, आठवडाभर क्लास चालवणार. काकूंनी फोन ठेवला आणि मला सगळं सांगितलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणू? हाव म्हटलं."

"काकू! तुमची फुलं कुठं ठेवाल?"

"ओट्यावर."

"ऊन लागेल की."

"लागन." मग हार ओवायचं थांबवून त्या म्हणाल्या, "पाय पोरी, लग्न होऊन आली तवापासून या घरातल्या कोनत्याच माणसाले मी नाई म्हटलं नाई. सासऱ्याले नाई, नवऱ्याले नाई. आता दिराले कसं म्हणू? माया तोंडातून तो शबुदच नाई निघत."

दीर एवढंच बोलले होते की दसऱ्यानंतर सोनं द्यायला येईन, तेव्हा रविवारी बसून पाहीन, तिथं काही काम होते की नुसता गोंधळ. "चित्रं असतीन त दाखवा म्हणा त्या पोरीले."

ती पोरगी म्हणजे मी. आठवडाभर माझं डोकं तापलेलं होतं. आधी मी मनातल्या मनात एक जळजळीत भाषण तयार केलं. मग भाषण बाजूला ठेवून विचार केला, की त्यांना दाखवायचं काय? मुलांची चित्रं पाहून ते म्हणतील, पोट्टे तर घरीही रेघोट्या मारतात. त्यांना अख्खी कुटुंबं दाखवायला हवीत. आई, बाप, लेकरू, तिघांनी मिळून काढलेली चित्रं. आणि तेव्हा मला भुलाबाई आठवली.

भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे घरोघरी भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी, वर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात. गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा मधोमध आणून ठेवते, आणि आत कोणता खाऊ आहे हे ओळखल्याशिवाय डबा उघडत नाही. पोरी डबा हलवतात, हुंगतात, नावांची यादी म्हणतात, घरातल्या बारक्या भावाला फितवतात. लहानपणी मी या खेळासाठी जीव टाकायची. म्हटलं, आपण हाच खेळ चित्रांशी खेळू. प्रत्येक घरानं चित्र झाकून आणायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. 'छान' म्हणायची कुणाला सवडच मिळणार नाही.

रात्रीतून पत्रक लिहिलं. बाबांच्या छापखान्याच्या जुन्या मालकांनी ते छापूनही दिलं. मुलांना मी मुद्दाम काही सांगितलं नाही. पत्रक मोठ्यांसाठी होतं, एकेकाच्या हातात दिलं, गाडीवरच्या हेल्मेटलासुद्धा. काकूंनी ओट्यावर बसून ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "चित्रच आणाचं ना?"

"चित्रच. अजून काय?" मी घाईत होते.

त्यांनी पत्रकाची घडी करून ती टोपलीखाली ठेवली.

दसरा झाला, कोजागिरी यायची होती. त्या मधल्या रविवारी खोलीत दसऱ्याच्या झेंडूचा वास भरून राहिला होता. दीर वेळेवर आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, हातात आपट्याची पानं. काकूंना सोनं दिलं, मलाही दिलं, आणि दाराजवळच्या एकुलत्या एक खुर्चीवर पायावर पाय टाकून बसले. मागोमाग कुटुंबं येऊ लागली. मी आनंदानं पाहत होते. आज कुणी गाडीवर थांबत नव्हतं. सगळे आत येत होते आणि प्रत्येकाच्या हातात झाकलेली वस्तू होती. स्टीलचा डबा. जेवणाचा डबा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. फडकं बांधलेली दुधाची बरणी. झाकण लावलेला कुकर.

कुकरपाशी मी जरा थबकले. चित्राला कुकर कशाला?

मग वास आला. झेंडूच्या वर चढून आलेला तळणाचा, गुळाचा, तिळाचा वास. वरूडचे शेतकरी, आज बिनहेल्मेटचे, आपला डबा कानाजवळ नेऊन खुळखुळवत शेजारच्या बाईंना विचारत होते, "वळखा बरं! तुमच्यानं होत नाई."

मी दाराकडे गेले आणि नियमांशेजारी डकवलेलं या रविवारचं माझंच पत्रक सायकलवरच्या माणसासारखं वाचलं. 'स्पर्धेनं माणसाला माणसापासून तोडलं आहे.' 'बाजारानं आपले हात हिरावून घेतले आहेत.' मग: 'येत्या रविवारी दुपारी तीन वाजता घरातल्या सर्वांनी मिळून आपल्या हातानं काहीतरी करावं, झाकून फुलखोलीत आणावं. काय आहे ते इतरांनी ओळखावं.'

कधी होतं. कुठं होतं. काय, ते नव्हतं. अख्ख्या पत्रकात 'चित्र' हा शब्द एकदाही नव्हता. आणि भुलाबाईच्या महिन्यात वऱ्हाडातल्या माणसांना काहीतरी करून झाकून आणा असं सांगितलं, तर ती दुसरं काय आणणार होती?

मी काकूंकडे पाहिलं. "तुम्हाला कळलं होतं?"

"मले वाटलं तुले मालूम असन," त्या शांतपणे म्हणाल्या.

"ताई," खुर्चीतून आवाज आला. "चित्रं कुठी हायत?"

खोलीत पंचवीस डबे होते आणि चित्र एकही नव्हतं. खोली जाणार, हे मला त्या क्षणी अगदी स्पष्ट दिसलं. आणि तिकडं डब्यांभोवती गलका सुरू झालाच होता. "चिवडा!" "चिवडा खुळखुळते का असा? फुटाणे!" "बाई व, शंकरपाळे हायत ते!" सगळे एकदम ओरडत होते, कुणाचंच कुणाला ऐकू येत नव्हतं. वरूडच्या शेतकऱ्यांची मुलगी दोन्ही कानांवर हात ठेवून मधोमध उभी होती. ती शेवटी वैतागली, कोळशाचा तुकडा घेतला आणि फरशीवर बसून एका डब्यापुढं भराभर काहीतरी काढलं. एक चंद्रकोर, कडेला कातरलेली.

"करंजी," ती म्हणाली. "मी सांगून देल्लं. तुमी बसा ओरडत."

पत्रकवाल्या घरात वाढल्याचा एक फायदा असतो. सभा हातची जाते आहे असं दिसलं की नेमक्या कोणत्या वाक्यावर ती परत येईल ते कळतं. मी पेटीवर चढले आणि ओरडले, "तोंडानं ओळखायचं नाही! काढून ओळखायचं! ज्याचं चित्र जुळलं त्यानं डबा उघडायचा!"

आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन मी वाटत सुटले. लेकराला एक, आईला एक, बापाला एक. दोन वर्षांत पहिल्यांदा मी मोठ्या माणसांच्या हातात कागद देत होते.

त्यानंतर जे झालं ते मला नीट क्रमानं आठवत नाही, कारण मी हसत होते. एक बाई चकली बाहेरून आत काढत निघाल्या आणि मधे पोचायच्या आधी त्यांची जागा संपली. त्यांचा मुलगा म्हणाला, "आई, आतून सुरू कराची असते, तू दर दिवाळीले करतं ना!" त्या म्हणाल्या, "हात करते बापा, डोक्याले कुठी मालूम असते?" दोन जावा करंजीच्या कडेवरून भांडल्या, मुरड की कातण, आणि शेवटी दोघींनी एकाच करंजीला दोन कडा काढल्या. वरूडच्या शेतकऱ्यांनी कुकरपुढं मांडी घातली आणि सीताफळ काढायला घेतलं. एकेक डोळा, एकेक फुगवटा, जीभ बाहेर काढून. मुलगी म्हणाली, "बाबा, एवढे डोळे कावून काढून राहिले?" ते म्हणाले, "असते तेवढे. मोजून पाय." ती त्यांच्या कागदावर वाकली, सांगणारच होती काहीतरी, आणि मग तिनं स्वतःच आपला हात मागं घेतला. माझा नियम तिला पाठ होता. (कुकरमध्ये उकडलेल्या शेंगा निघाल्या. सीताफळ तरीही भिंतीवर लागलं.)

दीर अजून खुर्चीतच होते. मुलगी कागद घेऊन तिकडं गेली.

"काका, घ्या."

"मी पाहाले आलो."

"पाहणाऱ्याले खाऊ नाई."

"मले येत नाई बापा चित्र."

"चुकलं त चुकू द्या. अथी रबरच नाई."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग खुर्ची सोडून, इस्त्रीची पँट सांभाळत, पोत्यावर बसले. समोर काकूंचा डबा होता, पितळी, जुना. त्यांनी तो हलवला. आवाज नाही. हुंगला. वास नाही. खिशातलं पेन काढलं आणि कागदाच्या मधोमध एक डबा काढला. थांबले. मग डब्याभोवती काहीतरी लांबट, गोलसर, पाचपाचच्या जुडीनं काढू लागले. एकामागून एक. कागद भरत गेला.

"वांगे हायत का, काका?"

"नाई."

"शेंगा?"

"पाय होत ते," ते म्हणाले, आणि जरा लाजले. "पोरींचे."

काकू ओट्यावरून उठून आत आल्या होत्या.

"याच खोलीत बसे भुलाबाई," दीर सांगू लागले, मुलीला नव्हे, कागदाला. "माया तीन बहिनी. पोट्ट्यांले आत येऊ देत नसत. दाराले पोत्याचा पडदा असे. मी बाहेर आडवा पडून पडद्याखालून पाहो. डबा दिसे आन पाय दिसत. तेवढंच. खाऊ काय होता ते सगळ्यांच्या शेवटी समजे मले."

कुणीतरी हसलं, कुणी हसलं नाही. मी दाराकडे पाहत होते, जिथं माझा नियम मोठ्या अक्षरात लावलेला होता. पोत्याचा पडदा आणि तो कागद एकाच चौकटीत.

"वयनी," दीर म्हणाले, "हरलो. उघडा आता डबा."

काकूंनी झाकणावर हात ठेवला. उघडायला नव्हे. दाबून.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "खोली क्लासले द्याची नाई."

मी दोन वर्षं त्यांच्या ओट्यावर बसत होते. घरच्या माणसाला त्यांनी 'नाई' म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती, पण झाकण हललं नाही.

"ते मंग पाहू, वयनी. आधी उघडा."

"आधी सांगा."

"अहो, त्या मानसाले शबुद देल्ला म्या! काय सांगू आता त्याले?"

"सांगा, खोली ओली हाय," मुलगी म्हणाली. "बाक फुगतीन त्याचे."

खोलीत असा हशा उसळला की दीरांनाही तो आवरेना. डोळे पुसत ते म्हणाले, "ठेवा बापा, ठेवा. फुलं बी ठेवा, पोट्टे बी ठेवा. पन तो डबा उघडा, नाईतर मी अकोल्याले जात नाई."

काकूंनी झाकण काढलं. आत खाऊ नव्हता. आत घडी केलेला एक पाठकोरा कागद होता. त्या एकट्यांनी चित्र आणलं होतं. कागदभर चपला होत्या, कोळशानं काढलेल्या आणि झेंडूनं रंगवलेल्या. लहान, मोठ्या, उलट्या पडलेल्या, एकाच पट्ट्याच्या. दर रविवारी ओट्यावर बसून त्यांना जे दिसतं ते.

"आन खाऊ?" दीरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"चित्रच आणाचं होतं," काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहून फस्सकन हसल्या.

मग बाकीचे डबे उघडले आणि सगळ्यांत आधी दीरांना वाढलं. दाराच्या आत बसवून. जाताना त्यांनी चपलांचं चित्र मागितलं. काकू म्हणाल्या, तुमचे पाय इथं ठेवून जा, मग देते. तो पायांचा कागद आजही फुलखोलीत आहे. पाठीमागं 'प्रचंड संख्येने' असं छापलेलं आहे.

दिवाळी झाल्यावर त्यांचा मला फोन आला. नमस्कार वगैरे काही नाही. "ताई, आमच्या अथी पोट्टे नाईत का?" आता महिन्यातून एका रविवारी मी सकाळची एसटी धरून मूर्तिजापूरवरून अकोल्याला जाते. त्यांच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोटारींच्या रिकाम्या खोक्यांवर कागद मांडतो. तिथं येणारे बाप ग्रीस लागलेल्या हातांनीच काढतात, त्यामुळं अकोल्याच्या चित्रांना कडेला एक काळा अंगठा असतोच. दीर स्वतः दर वेळी बसतात. अजून पायच काढतात. आता त्यात बोटांना नखं आली आहेत.

दारावरचं नियमांचं पत्रक मी उतरवलं. स्पर्धा नाही, रबर नाही, 'छान' नाही, या तिन्ही मुद्द्यांवर मी अजून कुणाशीही भांडेन. चौथं वाक्य बदललं: मोठ्या माणसांनी आपला कागद घ्यावा. नवं पत्रक बाबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून काय, कधी, कुठं, तिन्ही शोधलं आणि म्हणाले, "आता सायकलवाल्याला समजेल."

म्हणून तुम्हालाही तसंच सांगते. काय: चित्र काढायचं आहे. हा शब्द मी या वेळी विसरलेले नाही. कधी: या रविवारी, दुपारच्या जेवणानंतर. कुठं: तुमच्याच घरातल्या फरशीवर. घरातल्या एकानं डब्यात काहीतरी लपवावं, बाकीच्यांनी एकेक पाठकोरा कागद घ्यावा. लाइटबिलाची पाठही चालेल. लेकराच्या हातातला कागद लेकराचा, तुमच्या हातातला तुमचा. आत काय असेल ते काढा, आणि सगळ्यांचं काढून होईपर्यंत झाकणावरचा हात उचलू नका.